छोट्या किनारी गावातली सुट्टी : भरतीच्या वेळा बघा, बाकी फारसं ठरवू नका

समुद्रकाठच्या छोट्या गावात पहिल्यांदा जाणारे बरेच जण शहर बघायला निघाल्यासारखी यादी करून निघतात. गावात मुळात एक रस्ता, एक किनारा आणि जेवायच्या दोन-चार जागा. यादी दुसऱ्या दिवशी दुपारी संपते आणि मग ‘आता काय?’ सुरू होतं. तिथून पुढे एकतर दिवसभर गाडी हाकत शेजारची गावं पालथी घातली जातात, नाहीतर खोलीत पडून मोबाइल बघितला जातो. दोन्हीसाठी इतक्या लांब यायची गरज नव्हती.

अशा गावात एकच वेळापत्रक चालतं, ते समुद्राचं. पाणी कधी चढतं, कधी उतरतं, वारा कधी सुटतो, ऊन कधी चटके देतं, एवढं लक्षात आलं की दिवस आपोआप बसतो. ते कसं करायचं, हे नव्याने जाणाऱ्यांसाठी क्रमाने सांगतो.

तारखा आणि गाव

तीन रात्रींपेक्षा कमी वेळ असेल तर हा बेत पुढे ढकला. पहिला दिवस प्रवासाच्या थकव्यात जातो, शेवटचा सामान भरण्यात. मधले किमान दोन दिवस पूर्ण मोकळे मिळाले तरच निवांतपणाची चव कळते. चार रात्री मिळाल्या तर उत्तम. शनिवार-रविवार शक्यतो टाळा, कारण छोट्या गावाला गर्दी झेपत नाही. वीस गाड्या जास्तीच्या आल्या तरी तिथला रस्ता तुंबतो.

हंगाम निवडताना हवेइतकाच पाण्याचा विचार करा. समुद्र जमिनीपेक्षा सावकाश तापतो आणि सावकाश थंड होतो. त्यामुळे थंड प्रदेशातल्या किनाऱ्यांवर पाणी सगळ्यात उबदार असतं ते ऐन उन्हाळा सरल्यावर, महिना-दीड महिन्याने. तोवर गर्दीही ओसरलेली असते. उलट, जिथे पावसाळा किंवा वादळांचा ठरावीक काळ असतो तिथे त्या महिन्यांत पाण्यात उतरणं धोक्याचं असतं आणि बऱ्याच ठिकाणी मनाईही असते. नुसता लाटांचा तमाशा बघायचा असेल तर तेव्हाही जा, पण पोहण्याची अपेक्षा ठेवू नका.

आणखी एक गोष्ट फार कमी लोक बघतात: चंद्र. अमावस्या-पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत उधाणाची भरती असते. पाणी खूप चढतं आणि तितकंच खाली उतरतं. ओहोटीला लांबच लांब पुळण उघडी पडते, खडकांमधली डबकी बघता येतात. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, म्हणजे चढउतार कमी. लहान मुलांना घेऊन नुसतं पाण्याकाठी बसायचं असेल तर हे दिवस सोयीचे. तारखा बदलता येत असतील तर हे बघून बदला.

राहायची जागा

जाहिरातीतल्या ‘समुद्रासमोर’ या शब्दाला फार भुलू नका. मध्ये वाहता रस्ता आहे का, किनाऱ्यापर्यंत चालत किती मिनिटं लागतात आणि वाट वाळूतून आहे की डांबरावरून, हे फोन करून विचारा. माझं मत विचाराल तर पाण्याला चिकटलेल्या पहिल्या ओळीपेक्षा मागची ओळ बरी. खारा वारा थोडा अडतो, रात्री उधाणाची गाज थेट कानावर आदळत नाही आणि भाडंही बहुधा कमी पडतं.

खोलीतून समुद्र दिसण्यापेक्षा बाहेर बसायला सावलीची जागा असणं जास्त महत्त्वाचं. दुपारचे चार तास तुम्ही तिथेच काढणार आहात. याशिवाय विचारायच्या गोष्टी साध्या: पाय धुवायला बाहेर नळ आहे का, ओले कपडे वाळत घालायला दोरी आहे का, वीज गेली तर काय सोय आहे, खिडक्यांना जाळी आहे का, रात्री जेवण किती वाजेपर्यंत मिळतं. शेवटच्या प्रश्नावर जरा जोर द्या. छोट्या गावात स्वयंपाकघर लवकर बंद होतं आणि आधी सांगितलं नसेल तर उपाशी झोपायची वेळ येऊ शकते.

पिशवीत काय

कमी. दोन जोड घालायला, दोन पाण्यात उतरायला. पाण्यासाठी सुती कपडे नकोत, ते पाणी पितात, जड होतात आणि दमट हवेत वाळत नाहीत. लांब बाह्यांचा, लवकर वाळणारा सदरा मात्र घ्याच. उन्हापासून तो कुठल्याही मलमापेक्षा चांगलं रक्षण करतो. रुंद काठाची टोपी, मागे पट्टा असलेल्या चपला, मोबाइलसाठी घट्ट बंद होणारी पिशवी, बॅटरी, नेहमीची औषधं दोन दिवस जास्तीची, आणि रोख पैसे. गावातलं एकुलतं एटीएम सुट्टीच्या दिवसांत रिकामं असणं हे काही नवल नाही.

मुलांचे पोहण्याचे कपडे निळे, पांढरे किंवा राखाडी नकोत. पाण्यात ते दिसेनासे होतात. भडक नारिंगी किंवा पोपटी रंग लांबूनही उठून दिसतो.

पहिली संध्याकाळ : पाण्यात उतरू नका

पोचल्या पोचल्या मुलं पाण्याकडे धावतात, मोठ्यांनाही मोह होतो. तरी पहिली संध्याकाळ चालण्यासाठी ठेवा. गावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक फेरी मारा. औषधाचं दुकान कुठे, डॉक्टर कुठे, शेवटची बस किती वाजता, दुपारी दुकानं बंद असतात का, हे सगळं त्या एका फेरीत कळतं आणि पुढचे दिवस डोक्यात राहत नाही.

मग किनाऱ्याच्या आसपास जरा उंचावर उभे राहा आणि दहा मिनिटं नुसतं पाणी बघा. लाटा कुठे फुटतात, कुठे फुटत नाहीत, फेस कुठल्या दिशेने सरकतो, गावातली माणसं कुठे आंघोळीला उतरतात आणि मुख्य म्हणजे कुठे कधीच उतरत नाहीत. एखाद्या मच्छीमाराला किंवा जीवरक्षकाला विचारा की इथे पाणी कुठे ओढतं. वर्षानुवर्षं तेच पाणी बघणारा माणूस एका वाक्यात जे सांगतो ते कुठल्याही फलकावर लिहिलेलं नसतं.

भरतीचं गणित

आता मुख्य भाग. जगातल्या बहुतेक किनाऱ्यांवर दिवसात दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. चंद्र रोज थोडा पुढे सरकतो, म्हणून हे पूर्ण चक्र 24 तास 50 मिनिटांचं होतं. म्हणजे आज सकाळी 9 ला भरती असेल तर उद्या साधारण 9 वाजून 50 मिनिटांनी, परवा पावणेअकराच्या आसपास. भरतीपासून ओहोटीपर्यंत सव्वासहा तासांच्या आत-बाहेर. काही किनाऱ्यांवर दिवसात एकच भरती येते, आणि भूमध्य समुद्राच्या बऱ्याचशा किनाऱ्यावर चढउतार इतका कमी की लक्षातही येत नाही. याउलट कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात तो 16 मीटरपर्यंत जातो. म्हणून त्याच गावाचं किंवा जवळच्या बंदराचं भरतीचं कोष्टक बघा, दुसरीकडचं चालणार नाही.

पाणी सहा तास सारख्या वेगाने चढत नाही, हे नवख्यांना ठाऊक नसतं. खलाशी एक ढोबळ हिशेब वापरतात. एकूण चढाचे बारा भाग करा. पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात पुन्हा तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. म्हणजे मधल्या दोन तासांतच निम्मं पाणी येतं. चढउतार 4 मीटरचा असेल तर तिसऱ्या तासात पाणी एक मीटर वर येतं, कमरेइतकं. ओहोटीला सुक्या पायांनी वळसा घालून ज्या खडकापलीकडे गेलात, तिथून परतायची वाट तासाभरात बंद होऊ शकते, ती यामुळेच.

या गणितावरून दिवस असा लावायचा. खडकांमधली डबकी बघायची असतील तर ओहोटीच्या दीड-दोन तास आधी जा, पाणी उतरत असताना, आणि तळ गाठल्यावर परत फिरा. हिरवं शेवाळ दिसलं की तिथे पाय टाकू नका. उचललेला दगड होता तसाच परत ठेवा, त्याच्या खालच्या बाजूला कुणाचं तरी बिऱ्हाड असतं. लांब फिरायचं असेल तर ओहोटीच्या आसपास निघा. पाण्यालगतची ओली वाळू घट्ट असते, वरच्या कोरड्या वाळूत शंभर पावलांतच पोटऱ्या भरून येतात. जाताना वाऱ्याविरुद्ध आणि येताना वाऱ्यासोबत, म्हणजे दमल्यावर वारा मदतीला येतो. अनवाणी चालायची सवय नसेल तर पहिल्या दिवशी वीस मिनिटं पुरे. नाहीतर दुसऱ्या सकाळी टाच जमिनीला टेकवत नाही.

वाऱ्याचाही नेम असतो. हवा स्वच्छ असेल तर सकाळी समुद्र बहुधा शांत. जमीन तापली की उशिरा सकाळी खारे वारे सुटतात, दुपारी जोर धरतात आणि सूर्यास्ताच्या सुमारास पडतात. रात्री उलट दिशेने मतलई वारे. पोहायला सकाळ, पतंगाला दुपार, गप्पांना संध्याकाळ.

पाण्यात उतरताना

झेंडे आधी ओळखा. वर लाल, खाली पिवळा असे दोन झेंडे रोवलेले असतील तर त्यांच्यामधल्या पट्ट्यावर जीवरक्षकांचं लक्ष असतं, तिथेच पोहा. नुसता लाल म्हणजे मोठा धोका, दोन लाल म्हणजे पाणी बंद. जांभळा असेल तर पाण्यात जेलीफिशसारखे त्रासदायक जीव आहेत. छोट्या गावात बऱ्याचदा झेंडाही नसतो आणि जीवरक्षकही. तेव्हा कमरेच्या वर पाण्यात न जाणं हाच नियम.

सगळ्यात जास्त घात करतो तो रिप करंट. लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी परत जाताना एखाद्या खोलगट वाटेने झपाट्याने आत ओढलं जातं, तो हा प्रवाह. गंमत अशी की नवख्याला नेमकी तीच जागा सुरक्षित वाटते. दोन्ही बाजूंना पांढऱ्या लाटा फुटत असतात आणि मध्ये एक गडद, शांत पट्टा दिसतो. मुलांना घेऊन लोक तिथेच उतरतात. लाटा तिथे फुटत नाहीत, कारण तळ खोल आहे. नीट पाहिलं तर त्या पट्ट्यावरून फेस, पालापाचोळा, गढूळ वाळू आतल्या दिशेने जाताना दिसते. पहिल्या संध्याकाळी दहा मिनिटं उभं राहायला सांगितलं ते हे दिसावं म्हणून.

एरवी हा प्रवाह चालण्याच्या वेगापेक्षाही मंद असतो, पण कधीकधी सेकंदाला अडीच मीटरपर्यंत पोचतो. जगातले सर्वांत वेगवान जलतरणपटू 50 मीटरची शर्यतसुद्धा यापेक्षा किंचित कमी वेगाने संपवतात. म्हणून त्याच्याविरुद्ध किनाऱ्याकडे पोहायचा प्रयत्न करायचा नाही. माणूस बुडतो तो त्या धडपडीत दमून. प्रवाह खाली खेचत नाही, आत नेतो. पाठीवर तरंगा, हात वर करून मदत मागा. अंगात ताकद असेल तर किनाऱ्याला समांतर पोहा, ओढ कमी झाल्यावर तिरकं बाहेर या. दुसरं कुणी सापडलं तर त्याच्यामागे उडी टाकू नका. तरंगणारं काहीतरी फेका, जीवरक्षकाला बोलवा. वाचवायला गेलेलाच बुडाल्याच्या घटना फार होतात.

दुसरा प्रवाह इतका भयानक नाही, पण फसवा आहे. तो किनाऱ्याच्या कडेने वाहतो. तुम्हाला वाटतं आपण जिथे उतरलो तिथेच खेळतोय, आणि अर्ध्या तासाने वर पाहिलं तर आपली छत्री कुठेच नाही. उतरतानाच किनाऱ्यावरची एक ठळक खूण धरा आणि अधूनमधून ती समोर आहे का बघा.

हवा भरलेली ट्यूब, गादी, बोट या वस्तू समुद्रात नकोतच. जमिनीकडून वारा असेल तर तो त्या क्षणात आत घेऊन जातो, आणि पाणी काठाशी सपाट दिसत असल्याने कुणाला संशयही येत नाही. लहान मूल पाण्यात असताना मोठ्या माणसाचा हात त्याच्यापर्यंत पोचला पाहिजे. बुडणारं मूल सिनेमातल्यासारखं ओरडत नाही, आवाज न करता खाली जातं. त्यामुळे ‘सगळे बघताहेत’ म्हणजे कुणीच बघत नाही. पंधरा मिनिटं एक जण, पुढची पंधरा दुसरा, असं नाव घेऊन ठरवा. वाळूत खड्डे करायला हरकत नाही, फक्त सगळ्यात छोट्या मुलाच्या गुडघ्यापेक्षा खोल नको, कडा ढासळल्या तर मूल गाडलं जाऊ शकतं. गडगडाट ऐकू आला की सगळ्यांनी बाहेर, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पाण्यात परत नाही. मद्य घेतलेल्याने त्या दिवशी पाण्याकडे फिरकू नये.

जेलीफिशचा डंख झाला तर समुद्राच्याच पाण्याने धुवा, गोड्या पाण्याने नाही. चिकटलेले धागे चिमट्याने काढा आणि चोळू नका. मग सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग वीस मिनिटं ठेवला की दुखणं बऱ्याचदा उतरतं. श्वास लागला, सूज पसरली तर थेट दवाखाना. लघवी टाकण्याचा उपाय कुणी सुचवला तर हसून सोडून द्या.

दुपार

आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लहान झाली की ऊन अंगावर घ्यायची वेळ संपली. घड्याळ बघायची गरज नाही. तेव्हापासून सावली पुन्हा लांब होईपर्यंत छपराखाली. ढगाळ दिवशी लोक हमखास भाजून निघतात, कारण पातळ ढगातून बरीचशी अतिनील किरणं आरपार येतात, आणि वाळू, फेस त्यांना खालूनही परतवतात. छत्रीखाली बसूनही नाक लाल होतं ते त्यामुळे.

सनस्क्रीन एसपीएफ 30 चं पुरे, ते अतिनील-बी किरणं सुमारे 97 टक्के अडवतं. 50 चं 98 टक्के. फरक आकड्यात कमी आणि लावण्याच्या प्रमाणात जास्त पडतो. मोठ्या माणसाच्या उघड्या अंगाला 30 मिलिलिटरच्या आसपास लागतं, आणि आपण चेहऱ्याला पावडर लावल्यासारखं लावतो. निघण्याच्या वीस मिनिटं आधी लावा, दर दोन तासांनी आणि पाण्यातून आल्यावर पुन्हा. कानाच्या पाळ्या आणि पायांचे वरचे भाग हमखास राहतात.

वाळूचं म्हणाल, तर ती ओली असताना पुसायच्या भानगडीत पडू नका. अंग वाळू द्या, मग झटका, बहुतेक आपोआप पडते. चष्मा मात्र आधी गोड्या पाण्याखाली धरा. खारट थेंब तसेच पुसले तर काचेवर ओरखडे उठतात.

कंटाळा येईल, येऊ द्या

दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवून उठल्यावर, कंटाळा येतो. हात मोबाइलकडे जातो, कुणीतरी ‘जवळपास काय बघण्यासारखं आहे’ शोधायला लागतं. इथे तासभर दम धरा. झोप आली तर झोपा, नाही आली तर बाहेर बसून राहा. डोक्यातली कामाची भुणभुण त्याच तासात हळूहळू खाली बसते. दिवसाला एकच गोष्ट ठरवायची, हा माझा नियम. सकाळी डबकी बघितली तर त्या दिवशी दुसरं काही नाही. मोबाइल खोलीत ठेवून किनाऱ्यावर जाणं अवघड वाटत असेल तर निदान फोटो फक्त सूर्यास्ताला काढायचे, असं ठरवून बघा.

गावातल्या लोकांशी वागताना वाळूवर पसरलेल्या जाळ्यांवरून चालू नका, ओढून ठेवलेल्या होडीत फोटोसाठी चढू नका. ती त्यांची रोजीरोटी आहे. माणसांचे फोटो विचारून काढा. रात्री आवाज लांबवर जातो, गाणी बेताने. कासवं अंडी घालायला येत असतील त्या किनाऱ्यावर रात्री विजेऱ्या आणि झगझगीत दिवे नकोत, कारण प्रकाशाने पिल्लं समुद्राऐवजी उलट्या बाजूला चालू लागतात. शंख-शिंपले उचलण्याला कुठे बंदी असते, कुठे नसते. नसली तरी आतला प्राणी जिवंत नाही ना, हे बघा. उष्ण समुद्रातल्या शंकूच्या आकाराच्या नक्षीदार शंखांना तर हात लावूच नका. त्यातल्या काही जातींचा डंख प्राणघातक असतो.

निघताना

आदल्या संध्याकाळी हिशेब चुकता करा, म्हणजे सकाळी घाई होत नाही आणि भरती-ओहोटी बघून शेवटची फेरी मारता येते. ओले कपडे वेगळ्या पिशवीत भरा. चपला, चेनवाल्या पिशव्या, कॅमेऱ्याचा पट्टा गोड्या पाण्याने धुऊन घ्या, मिठाने चेन दोन आठवड्यांत अडकायला लागते. स्वतःची गाडी नेली असेल तर परतल्यावर खालच्या बाजूने धुऊन घ्या, गंज तिथूनच धरतो. आणि कामावर रुजू व्हायच्या आदल्या रात्री नव्हे, आदल्या सकाळी घरी पोचाल असा प्रवास ठरवा.